जो पहिला येणार नाहीं, त्यानें कां धांवावें?

अलीकडे तालुक्याच्या गांवाबाहेरील सडकेवर पहाटेच्या वेळीं एक दृश्य वरचेवर दृष्टीस पडतें. चाळिशी-पन्नाशी गांठलेलीं माणसें, कोणी शिक्षक, कोणी बँकेंतील कारकून, कोणी दुकानदार, पायांत बूट घालून धांवत असतात. त्यांस मोटार गांठावयाची नसते, किंवा त्यांच्या पाठीस कोणी लागलेलें नसतें. डेअरीवर दूध घालून परत येणारा शेतकरी त्यांजकडे पाहून मनांतल्या मनांत हंसतो. "ह्यांस दिवसभर भांगलणीस लावा, म्हणजे धांवण्याची हौस फिटेल," असेंही कोणी म्हणतो.

हा शेरा थट्टेचा असला तरी त्याच्या पोटांत एक खरा प्रश्न आहे, व तो टाळण्यासारखा नाहीं. ज्या श्रमाचें कोणी मोल देत नाहीं, ज्यांत बक्षीस मिळण्याचा मुळींच संभव नाहीं, आणि ज्यापासून आठवड्यांतून दोनतीन दिवस तरी आनंदापेक्षां निराशाच अधिक पदरीं पडते, तो श्रम मनुष्यानें कां करावा? शर्यतींत पहिला एकच येतो. बाकीच्यांनीं कां धांवावें? आणि धांवावेंच, तर आपलें धांवणें चांगलें झालें कीं वाईट झालें, हें त्यांनीं कशावरून ठरवावें? ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

प्रथम ही हौस आली कोठून तें पाहूं. पूर्वीं मनुष्य कामासाठीं धांवत असे. टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन, भाल्यास बांधलेले घुंगरू वाजवीत रानावनांतून धांवणारे हरकारे आमच्या वाडवडिलांनीं पाहिले होते. त्यांचें धांवणें हीच त्यांची भाकर होती. पुढें यंत्रें व गाड्या आल्या आणि पुष्कळांच्या पायांस काम उरलें नाहीं. ह्याचा परिणाम काय होतो हें लंडन शहरांतील बसगाड्यांवरून कळून आलें. जेरी मॉरिस नामक वैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तेथील दुमजली गाड्यांवरील नोकरांची पाहणी केली आणि १९५३ सालीं असें दाखविलें कीं, दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां जिन्यानें सतत चढउतार करणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी होतो. त्यानंतर न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरीं आर्थर लिडियर्ड ह्या धांवण्याच्या शिक्षकाच्या प्रेरणेनें साध्यासुध्या गृहस्थांचा एक मेळा सावकाश धांवण्यासाठीं जमूं लागला. १९६२ सालीं अमेरिकेचे बिल बॉवरमन तेथें गेले असतां त्यांनीं तो पाहिला व ती कल्पना ऑरेगन प्रांतांत नेली. १९६८ सालीं केनेथ कूपर ह्या वैद्याचा व्यायामावरील ग्रंथ निघाला, आणि अनेक देशांत लोक आरोग्यासाठीं धांवूं लागले. आमच्याकडे मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ पासून व साताऱ्याची, यवतेश्वराचा घाट चढून उतरण्याची अर्धी मॅरेथॉन २०१२ पासून भरूं लागली. आणि पाहतां पाहतां हा छंद लहान गांवांपर्यंत पोहोंचला.

तेव्हां शेतकऱ्याच्या शेऱ्याचें एक उत्तर असें कीं, जें त्यास त्याचा धंदा देतो तें खुर्चीवर बसणाऱ्यास कोणी देत नाहीं. तें त्यास वेगळें कमवावें लागतें. ह्यांत शेतकऱ्यानें हंसण्यासारखें कांहीं नाहीं, आणि धांवणाऱ्यानें मिरविण्यासारखेंही कांहीं नाहीं. खुर्चीनें जें हिरावून घेतलें तें तो परत घेत आहे, इतकेंच. परंतु प्रकृति सुधारावी एवढाच हेतु असता, तर रोज अर्धा तास भरभर चालूनही तो पुष्कळ अंशीं साधला असता. मनुष्य धांवूं लागला म्हणजे त्याचें मन त्यांत गुंततें. एके दिवशीं तें आनंदानें भरतें व दुसऱ्या दिवशीं खिन्न होतें. असें कां व्हावें? खरा नीतीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

नव्या धांवणाऱ्याची स्थिति कशी असते पहा. पहिल्या आठवड्यांत दोन फर्लांगांतच त्याचा दम संपतो. तो धांवतो, चालतो, पुन्हा धांवतो. महिना-दीड महिन्यानें एक मैल न थांबतां होतो. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत एखादी सकाळ अशी उगवते कीं, श्वास व पाऊल ह्यांचा मेळ आपोआप बसतो, रस्ता पायांखालून सरकत जातो, आणि घरीं आल्यावर तो बायकामुलांशीं नेहमींपेक्षां गोड बोलतो. त्याला वाटतें, आतां आपणांस हें साधलें. दोन दिवसांनीं तोच रस्ता, तेच पाय, तेच बूट. पण पहिल्या वळणापासूनच पाय शिशासारखे जड होतात. घड्याळ पाहावें, तर मैलामागें दीड मिनिट अधिक लागलेलें. तो खट्टू होतो. आपण आळशी आहों, आपलें वय झालें, आपल्या हातून आतां कांहीं व्हावयाचें नाहीं, असा निकाल तो आपणच आपल्यावर देतो. आणि तो राग कधीं कधीं घरांतल्या माणसांवर निघतो.

हा निकाल न्यायाचा आहे काय? शरीरांत काय घडतें तें पाहिलें म्हणजे ह्याचें उत्तर मिळतें. धांवतांना अंगांत उष्णता उत्पन्न होते व ती घालविण्यासाठीं घाम येतो. पण घाम नुसता गळून उपयोग नाहीं. तो वाळला पाहिजे, तेव्हांच अंग थंड होतें. मृगाच्या आधींच्या दमट दिवसांत हवेंत ओलावा इतका असतो कीं, घाम लवकर वाळत नाहीं; कोंकणपट्टींत तर वर्षाचा बहुतेक काळ हीच गत. मग रक्ताचा एक वांटा कातडीकडे व एक वांटा स्नायूंकडे पाठवितां पाठवितां हृदयाची तारांबळ उडते, आणि त्याच वेगास त्याचे ठोके अधिक पडतात. रात्रीं जागरण झालें, अंगांत ताप मुरत असला, किंवा मनावर कर्जाची काळजी असली, तरीही पाय जड होतात. म्हणजे त्या दिवशीं त्या मनुष्यानें श्रम कमी केले असें नाहीं. कदाचित् अधिकच केले. घड्याळानें फळ मोजलें, श्रम मोजले नाहींत. उलटपक्षीं पौषांतील थंड सकाळीं, वारा पाठीशीं असतां, जो वेग साधतो त्याचें सगळें श्रेय तोच मनुष्य आपल्या पदरांत बांधून घेतो! वाईट दिवशीं स्वतःस दूषण देणें व चांगल्या दिवशीं स्वतःस शाबासकी देणें, ह्या दोहोंचें मूळ एकच आहे. मनुष्य आपली किंमत व आपल्या कामाचें फळ एकाच पारड्यांत टाकतो, आणि मग वारा व पाऊस त्याचें मोल ठरवूं लागतात.

"तर मग फळाकडे न पाहतां नेटानें धांवत राहावें, हाच ह्यांतला धडा काय?" असें कोणी विचारील. इतकें सोपें असतें तर बरें होतें. चिकाटी व हट्ट हीं दोन भावंडें चेहऱ्यानें इतकीं सारखीं आहेत कीं, पुष्कळांस तीं वेगवेगळीं ओळखूं येत नाहींत.

शरीराचे सगळे भाग एकाच गतीनें बळकट होत नाहींत. हृदय व रक्त ह्यांची शक्ति कांहीं आठवड्यांत वाढूं लागते. परंतु हाडें व त्यांस स्नायू बांधून ठेवणाऱ्या कंडरा ह्यांस महिनेच्या महिने लागतात. म्हणून होतें असें कीं, दम वाढल्यामुळें जेव्हां मनुष्यास आपण समर्थ झालों असें वाटतें, नेमक्या त्याच वेळीं त्याची नडगी, टांच किंवा गुडघा त्यास दगा देतो. शिवाय बळ धांवत असतांना येत नसतें. धांवण्यानें शरीर थोडें झिजतें, आणि मागाहून विश्रांतींत व झोपेंत तें पहिल्यापेक्षां मजबूत होऊन भरून निघतें. जो विसाव्याचा दिवस चुकवितो, तो पेरलेलें बीं उगवलें कीं नाहीं हें रोज उकरून पाहणाऱ्या पोरासारखा होय.

नडगी दुखावली म्हणजे कित्येक आठवडे घरीं बसावें लागतें. अशा वेळीं कांहींचा हट्ट उफाळून येतो. "मी माघार घेणारा नव्हे," असें म्हणून ते लंगडत धांवतात, आणि महिन्याचें दुखणें वर्षाचें करून ठेवितात. लोक ह्यास धैर्य म्हणतात. आमच्या मतें तो बहुधा गर्वच होय. कारण त्यांस पायाची काळजी नसून आपल्या नांवाची काळजी असते. ह्या दोहोंतला भेद ओळखण्याची एक साधी खूण अनुभवी धांवणारे सांगतात. जो जडपणा मैल-अर्ध्या मैलांत अंग तापल्यावर कमी होतो, तो सोसावा. जी कळ पावलागणिक वाढत जाते, किंवा जिच्यामुळें पाऊल वांकडें पडूं लागतें, तेथें थांबावें. छातींत दुखलें किंवा घेरी आली, तर त्याच क्षणीं थांबून वैद्यास दाखवावें. चिकाटी उद्यांच्या दिवसाचा विचार करिते. हट्ट आजच्यापलीकडे पाहत नाहीं. घरच्या भांडणांत, भावकीच्या वादांत, मंडळीच्या कारभारांतही ही खूण लावून पाहण्यासारखी आहे.

आतां सत्याविषयीं दोन शब्द. १९८० सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या मॅरेथॉनमध्यें रोझी रुइझ नांवाची बाई स्त्रियांत पहिली म्हणून शेवटच्या रेषेवर आली. तिचा मोठा सत्कार झाला. पण तिनें शर्यतीचा बहुतेक मार्ग धांवून काढलाच नव्हता, हें पुढें उघडकीस आलें व आठ दिवसांनीं तिचा मान काढून घेण्यांत आला. खरी विजयी बाई कॅनडाची जॅकलीन गारो ही होती. तिला तिचा मान मागाहून मिळाला. परंतु पहिल्यानें रेषा ओलांडतांना हजारों लोकांचा जो जयघोष तिच्या कानीं पडावयाचा, तो तिला कोणीही परत आणून देऊं शकलें नाहीं. खोटें बोलणाऱ्यास वाटतें कीं, आपण कोणाचें कांहीं घेतलें नाहीं. पण बहुधा कोणाचें तरी कांहीं गेलेलें असतेंच.

हा तर मोठ्या शर्यतीचा प्रकार झाला. आश्चर्य हें कीं, ज्यास पदकाचा संभवच नाहीं तोही खोटें बोलतो. आतां मनगटावरचें घड्याळ व खिशांतला मोबाईल प्रत्येक पाऊल मोजतात, आणि तो हिशेब दहा मित्रांस दाखवितात. मग चढावर चालतांना घड्याळ बंद ठेवावें व उतारावर तें चालू करावें, पांच मैलांचे सहा सांगावे, मित्राचा आंकडा मोठा दिसला कीं दिवसभर मनांत जळत राहावें, असे प्रकार चालतात. ह्यांत लाभ काय? एका पैचाही नाहीं. ह्यावरून असें दिसतें कीं, खोटेपणाचें मूळ द्रव्यलोभांतच असतें असें नाहीं. दुसऱ्याच्या डोळ्यांस मोठें दिसावें ह्या इच्छेंतही तें खोल गेलेलें असतें. जेथें कोणी तपासणार नाहीं तेथें खरा आंकडा सांगणें, ही एक शाळाच आहे. तिला फी नाहीं, मास्तर नाहीं, आणि जो नापास होतो त्याचा निकाल त्याच्या एकट्यासच कळतो.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयीं धांवणारे क्वचित् बोलतात. पहाटेचा हा मोकळा तास येतो कोठून? घरधनी धांवावयास गेला असतां पाणी भरणें, मुलांचे डबे करणें, म्हाताऱ्या सासूस औषध देणें, हीं कामें आपोआप होत नसतात. तो घामाघूम होऊन परत येतो व आपल्या चिकाटीची गोष्ट सांगतो. पण त्या तासाचें मोल दुसऱ्याच कोणी भरलेलें असतें. इतकें लांबचें धांवणें स्त्रियांच्या शरीरास झेपणार नाहीं, असें जाणते म्हणविणारे लोक फार दिवस सांगत आले. बोस्टनच्या शर्यतींत स्त्रियांस रीतसर प्रवेश १९७२ सालीं मिळाला, आणि ऑलिंपिक खेळांत स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हतीच. त्या सालीं अमेरिकेच्या जोन बेनॉइटनें ती जिंकली. शर्यतीच्या नियमांतली ती अटक निघाली. आमच्या घरांतली निघाली आहे काय? ज्या घरांत एकाच्याच पायांस मोकळीक आहे, त्या घरांत धांवणें हा सद्गुण म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें. आठवड्यांतून तीन दिवस त्यानें चहा ठेवावा, डबे भरावे, आणि तो तास तिला द्यावा. मग ती धांवो, चालो, कीं नुसती उन्हांत बसो. चढावरच्या कोणत्याही मैलापेक्षां हा मैल कित्येकांस अवघड जाईल, असें आम्हांस वाटतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्राचीन काळीं करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनीं खेळ भरत व विजयी पुरुषाच्या मस्तकावर झाडपाल्याचा मुगुट घालीत. पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतीचा दाखला घेतला, तो त्यांस लगेच समजण्याजोगा होता. तो मुगुट चार दिवसांत सुकून जाई, आणि तोही एकासच मिळे. मग बाकीच्यांचें धांवणें व्यर्थ गेलें काय?

१९२० सालीं बेल्जम देशांतील अँटवर्प शहरीं ऑलिंपिक खेळ झाले. सर दोराबजी टाटा यांच्या खटपटीनें हिंदुस्थानांतून तेथें एक लहानसा चमू गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन शर्यत फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यानें जिंकली. चौगुले १९ वे आले. १९ व्या क्रमांकास पदक नसतें, आणि आज त्यांचें नांव फार थोड्यांस ठाऊक आहे. तरी ज्यांच्या मागें कोणतीही परंपरा नव्हती, ते परक्या मुलुखांतील परक्या हवेंत तो सगळा मार्ग धांवून पुरा करून आले. ह्या कामाची किंमत पदकानें वाढली असती काय? प्रसिद्धि वाढली असती. काम तेवढेंच राहिलें असतें.

१९६८ सालीं मेक्सिको शहरीं टांझानिया देशाचा जॉन स्टीफन अखवारी हा मॅरेथॉन धांवतांना पडला व त्याचा गुडघा दुखावला. ७५ जण निघाले होते. त्यांपैकीं ५७ पोहोंचले, व त्यांत हा शेवटचा. विजयी मामो वोल्डे येऊन गेल्यास तेव्हां तासाहून अधिक वेळ लोटला होता. येथें वाचक आम्हांस अडवून म्हणतील, "आतांच तर तुम्ही लंगडत धांवण्यास गर्व म्हटलें!" शंका रास्त आहे. पण अखवारीस त्याच्या देशानें पाठविलें होतें. ती शर्यत त्याच्या एकट्याची नव्हती, आणि दिलेला शब्द पुरा करण्यासाठीं मनुष्य पुष्कळ सोसतो व सोसावेंही. आमच्या मंगळवारच्या सकाळीं कोणाच्या शब्दाचा प्रश्न नसतो. एकच कृति एका ठिकाणीं निष्ठा असते व दुसऱ्या ठिकाणीं दिमाख असते. ती कोणासाठीं केली, ह्यावर तें अवलंबून आहे.

तिसरें उदाहरण फौजासिंग यांचें. हे पंजाबांतील एक शेतकरी. पत्नी व मुलगा ह्यांच्या मृत्यूनंतर ते उतारवयांत विलायतेंत धांवूं लागले. दुःखानें ग्रासलेल्या मनास त्यांत आधार सांपडला. २०११ सालीं, त्यांच्या पारपत्राप्रमाणें वयाच्या १०० व्या वर्षीं, त्यांनीं कॅनडांतील टोरंटो शहरीं आठ तासांहून अधिक वेळ घेऊन मॅरेथॉन पुरी केली. जन्माचा दाखला नसल्यामुळें विक्रमांच्या पुस्तकांत त्यांची नोंद झाली नाहीं. २०२५ सालीं त्यांच्या गांवाजवळ रस्त्यावर मोटारीची धडक लागून ते वारले. पुस्तकांत नोंद नाहीं म्हणून तीं २६ मैलांचीं पावलें पडलींच नाहींत काय? आणि ज्या दुःखास घेऊन ते घराबाहेर पडले होते, तें हलकें होण्यास कोणत्या दाखल्याची गरज होती?

वास्तविक पाहतां, धांवणाऱ्याची ही स्थिति त्यास हंसणाऱ्या शेतकऱ्यासच सर्वांच्या आधीं कळावी. तेंच बीं, तीच नांगरट, तेच कष्ट. एका सालीं पोतीं भरतात, आणि दुसऱ्या सालीं पेरलें तेवढेंही पदरांत पडत नाहीं. म्हणून शेतकरी आपणांस नालायक समजून बसतो काय? तो पुढच्या पावसाळ्यांत पुन्हा पाभर जुंपतो. मात्र एक फरक धांवणाऱ्यानें विसरूं नये. शेतकऱ्याचें साल बुडालें तर त्याची भाकर बुडते. धांवणाऱ्याची सकाळ बुडाली तर फार तर त्याचा चहा बेचव लागतो. म्हणून त्यानें आपल्या खट्टूपणास दुःख हें मोठें नांव देऊं नये. त्याच्या छंदाचा उपयोग हाच कीं, जें इतरांस मोठ्या प्रमाणावर सोसावें लागतें त्याचा तो लहान प्रमाणावर, आपखुशीनें सराव करितो.

तात्पर्य हें कीं, घड्याळ अवश्य पाहावें, पण त्यास न्यायाधीश करूं नये. दुखलें तर थांबावें, व थांबल्याची लाज धरूं नये. जितकें धांवलों तितकेंच सांगावें. घरच्यांपासून घेतलेला तास घरच्यांस परत द्यावा. आणि वाईट सकाळ गेल्यावर, अंग धड असेल तर, पुढच्या सकाळीं पुन्हा बाहेर पडावें. असें करणारा पहिला येईल असें आम्ही म्हणत नाहीं. तो बहुधा येणारच नाहीं. परंतु ज्या दिवशीं त्याच्या घरावर खरोखरीची आपत्ति येईल, आणि केल्या कष्टांचें फळ कोठेंच दिसणार नाहीं, त्या दिवशीं एक पाऊल पुढें टाकणें त्यास अगदींच अनोळखी वाटणार नाहीं.